चांगल्या घडाचं बियाणं

नव्वदच्या दशकात मी गोंडपिपरी तालुक्यात, नदीकाठच्या एका गावात कृषी सहायक होतो. तिथं तेलताडाचा एक नमुना प्लॉट होता. झाडं संकरित. जाड करवंटीची एक जात आणि करवंटीच नसलेली दुसरी, यांच्या संकरातून काढलेली. म्हणून करवंटी पातळ, गर जास्त, तेल जास्त. पाहुणे आले की मी हे पोपटासारखं म्हणून दाखवायचो. पुढचं वाक्यही मला प्रशिक्षणात शिकवलं होतं: या झाडांचं बी पुन्हा लावायचं नाही, पुढच्या पिढीत ते गुण पुन्हा वेगवेगळे होतात. ते मी कुणाला सांगितलं नाही. पाहुण्यांना फोटो हवे असत.

प्लॉटवर निंदणीला एक विधवा बाई यायची. तिची एकच बांधी, म्हणजे बांध घातलेला शेताचा तुकडा, नदीच्या पाण्यावरचा. वर्षाचं धान तिथूनच यायचं. कापणीआधी शेतभर फिरून सगळ्यात भरलेल्या लोंब्या बियाण्याला वेचायच्या, हे तिला लहानपणापासूनचं वळण. तिनं इथंही तेच केलं. सगळ्यात मोठा घड धरणाऱ्या झाडाखालची फळं वेचून नेली. हे बी घरी रुजतच नाही, असं आमचे साहेब छातीठोक सांगत. तिनं ते पोत्यात बांधून शेणखताच्या ढिगात उबेला ठेवलं. तीनेक महिन्यांनी पोतं सोडलं, तर कोंब!

"पाहा न भाऊ," अंगणातली रोपं दाखवत ती म्हणाली, "बांधीत लावून राह्यली मी. जमते ना?"

"झकास जमते," मी म्हणालो. त्या वर्षी लागवडीचं उद्दिष्ट पुरं होत नव्हतं आणि मला चंद्रपूरला बदली हवी होती. तिची बांधी मी अहवालात दाखवली. बदली झाली.

पाच-सहा वर्षांनी त्या गावात जाणं झालं. मुद्दाम गेलो, असं लिहायचा मोह होतो, पण ते खोटं आहे. बांधीत ताड उभे होते. काहींच्या फळाला नुसती करवंटी, गर नावापुरता. काही झाडं दांडगी, हिरवीगार, पण घड जागच्या जागी कुजलेले. उरलेली बरी होती, पण तेवढ्या फळांसाठी नदीपलीकडच्या तेलाच्या कारखान्यापर्यंत गाडी न्यायला कोणी तयार नव्हतं. ती आता दुसऱ्यांच्या बांधीत रोवणीला जात होती.

"झाड तं मी अव्वल पाहूनच निवडलं होतं, भाऊ," ती म्हणाली. "मंग असं काऊन झालं? तुमाले मालूम होतं का?"

"नाही बाई," मी म्हणालो. "कोणालाच माहीत नव्हतं."

तिनं लगेच विश्वास ठेवला. याचा मला अजून संताप येतो. एकदा तरी तिनं माझ्याकडे संशयानं बघायला हवं होतं.

"मंग तुमचा काय दोष? बसा, उन्हाचे आले."

तिनं चहा केला. मी बसून तो सगळा प्यायलो. साखर कमी पडली म्हणून तिनंच माझी माफी मागितली.