पाय धुऊन आत या

पानवेलीतलं माझ्याएवढं कळणारा माणूस अख्ख्या वसईत दुसरा नाही, हे मी छातीवर हात मारून सांगतो. एकदा मी स्वतः वेल लावली, पोटच्या पोरासारखी वाढवली, आणि तिला मिऱ्या आल्या! विड्याचं पान आणि मिरीचं पान सातवी नापास माणसाला सारखंच दिसतं.

तेव्हा माझ्या ज्ञानावर विसंबू नका. किस्से मात्र माझ्याकडे भरपूर. जनूच्या वाडीला पाणी पुरवणारं एक बावखल आहे, त्या तळ्याच्या काठावर आम्ही म्हातारे रोज संध्याकाळी बसतो. जनूचा पानमळा, शेजारच्या फ्रान्सिसची केळी, आणि माझी नुसती जीभ. बावखलात पाला पडत राहतो, कुणी काढत नाही, तळाशी थर चढत जातो. आमचे किस्सेही तसेच साचलेत. यंदाचा थर जरा जास्तच काळा आहे.

* * *

जनूची पुतणी मंजिरी कॉलेजात झाडांचा विषय शिकवते. सुट्टीच्या दिवशी गोखिवऱ्याच्या फ्लॅटमधून स्कूटीवर येते आणि आम्हाला फुकट शिकवते. एकदा म्हणाली, "गवत कापलं की जो वास येतो ना, तो त्याच्या जखमेचा वास. शेजारच्या झाडांना तो कळतो आणि ती सावध होतात."

फ्रान्सिसनं कोयता खाली ठेवला. "मंजू, हा वास मला लहानपणापासून आवडतो गं. चर्चमधल्या धुपापेक्षा."

"आवडू दे की, फ्रान्सिसकाका."

"कसं आवडू दे? म्हणजे ती तिथं बोंबलतात आणि मी इथं नाक वर करून खूश होतो?"

त्या दिवसापासून तो केळीची पानं तोंड फिरवून कापतो. परवा कोयता बोटाला लागला. मी म्हटलं, "ओरडू नकोस, शेजारची बोटं सावध होतील!"

* * *

मला राहवलं नाही. मी जनूच्या कुंपणावर पाटी लावली: "हळू बोला. वेल ऐकते आहे."

कळंबच्या कॉटेजवर उतरलेलं एक कुटुंब वाडी बघायला आलं. पाटी वाचून सगळे कुजबुजायला लागले. नवरा बायकोशी कुजबुजत भांडला, फोनसुद्धा कुजबुजत घेतला. शेवटी त्या बाईंनी मला कानात विचारलं, "काका, ती कधी बोलते?"

मी म्हटलं, "दुखलं की."

त्यांना वाटलं मी गंमत केली. मलाही तेव्हा तसंच वाटलं.

* * *

अंगठ्यात लोखंडी नख घालून जनू पान खुडतो. देठ कट्‌कन तुटतो. मंजिरीनं सांगितलं, "एक पान तुटलं की वेलीत सिग्नल जातो, काका. टोकापर्यंत. लांबची पानं लगेच तयारीला लागतात, अळीला पचू नयेत म्हणून."

फ्रान्सिस म्हणाला, "नशीबवान आहेत. मी सुनेला सांगितलेलं मुलाच्या कानावर जायला ईस्टर उजाडतो."

आम्ही हसलो. जनू हसला नाही. "मग मी जन्मभर रोज खुडतोय ते?"

"जखम भरून काढते ती, काका. फांदी मरत नाही."

दुसऱ्या दिवशी जनू प्रत्येक पानाआधी थांबून काहीतरी पुटपुटत होता. मी म्हटलं, "माफी कसली मागतोस? भूल देऊन खुड!" त्यानं लोखंडी नख माझ्या नाकासमोर धरलं आणि विचारलं, "तुझ्यापासून सुरुवात करू?"

* * *

आता आमच्याकडची पद्धत सांगतो. पानमळ्यात चपला घालून जायचं नाही. तोही देव्हाराच. बाहेर चपला काढायच्या, दाराशी बावखलाचं पाणी घेऊन येणारा पाट वाहतो, तिथं दगडावर बसून पाय धुवायचे आणि मगच आत. मी एकदा तसाच घुसलो तर जनू तिकडून ओरडला, "पाय!" माझी आई गेल्यापासून माझ्यावर इतकं कुणी ओरडलं नव्हतं.

पानमळे आमच्या भागात दोनच उरले होते. हा जनूचा आणि पलीकडच्या आळीतल्या विठूचा. या पावसाळ्यात विठूच्या मळ्यात मर लागली. वेली खालून काळ्या पडल्या, कुजल्या आणि वरून वाळत गेल्या.

दुःखात भेटायला जायचं हीसुद्धा पद्धत. आम्ही तिघं गेलो. विठूनं एकेक वेल दाखवली, मेलेल्या माणसाच्या तोंडावरची चादर काढावी तशी. आम्ही अनवाणी, चिखलातून, मान हलवत त्याच्या मागे. शेवटी मी विचारलं, "दहावा कधी ठेवलायस?"

विठूची बायको आत निघून गेली. चहा आला, पण माझ्या कपात साखर नव्हती.

नंतरही आम्ही जात राहिलो. विठूला एकटं कसं सोडायचं? त्याला धीर द्यायचा, तिथून तसंच जनूकडे यायचं, पाय धुवायचे, आत जायचं.

* * *

आणि मग जनूच्या पहिल्या ओळीतली पानं दुपारची मान टाकायला लागली.

मंजिरी आली. मी तेव्हा नव्हतो, फ्रान्सिसनं नंतर सांगितलं. खाली बसून माती बघितली, खोड बघितलं. म्हणाली, "काका, या वेली काढा. आणि यांच्या आजूबाजूच्या चांगल्यासुद्धा."

"चांगल्या कशा उपटू? जिवंत आहेत त्या."

"पानावर डाग पडतो ना, त्याच्याभोवती वाळकं कडं असतं. तिथल्या पेशी पुष्कळदा स्वतःहून मेलेल्या असतात. रोग पुढे जाऊ नये म्हणून चांगल्याच असताना मरतात."

जनूनं शेजारच्या हिरव्या वेलीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "त्यांना कोण सांगतं मरायला?"

"कुणी नाही, काका. शेजारणीचं कळतं त्यांना."

एवढ्यात मी आलो. सवयीनं चपला काढल्या, दगडावर बसलो, पाटात पाय सोडले. मंजिरी एकदम उभी राहिली. "नाना, कुठून आलात?"

"विठूकडून. का गं?"

तिनं माझ्या पायांखालून सुटलेला गढूळ ओघळ बघितला. पाट जातो तिकडे तिची नजर गेली. पाट जातो पहिल्या ओळीत, तिथून दुसऱ्या, तिथून सगळीकडे.

"विठूकाकांकडून निघताना पाय धुता?"

"निघताना कोण धुतं? देवाकडून परत निघताना कुणी पाय धुतं का!"

फ्रान्सिसनं छातीवर क्रूसाची खूण केली आणि आपल्या पायांकडे बघितलं. मी माझे पाय पाण्यातून वर घेतले आणि तसेच अधांतरी धरून बसलो. खाली कुठं ठेवावेत तेच कळेना.

* * *

जनूनं आजूबाजूच्या उपटल्या. मग त्यांच्या आजूबाजूच्या. मग त्यांच्याही. पाणी आधीच सगळीकडे जाऊन आलेलं होतं. शेवटी ढीग केला आणि पेटवला. ओली पानं धड जळेनात, नुसता धूर. सगळ्या आळीत विड्याचा वास पसरला, एखाद्या लग्नघरासारखा.

त्यानंतर काही दिवस मी तिकडे फिरकलो नाही. मग एका संध्याकाळी घरून सरळ गेलो. जनूला हसवायचं म्हणून वाटेत एक विनोद घोकत होतो. माझी पाटी अजून कुंपणावर होती. आत नुसत्या रिकाम्या ओळी आणि बांधावर बसलेला जनू. पंप मात्र चालू होता, रोजच्या वेळेला त्यानं लावलेला.

मी चपला काढल्या, दगडावर बसलो आणि पाटापर्यंत हात नेऊन तसाच थांबलो.

जनूनं मान वर केली.

"धू, धू. चांगले घासून धू. आता कुठं जायचंय ते पाणी?"