गुंडीच्या पोटातला दोरा

नवरा वारल्यावर शिरूरच्या बाजारपेठेमागच्या आळीत चांगुणानं त्याचं शिलाई मशीन पुढं चालवलं. पोरबाळ नव्हतं. होती ती गुंडी, करडी मांजर, दिवसभर कात्रणांच्या ढिगात पसरलेली.

बहात्तरचा दुष्काळ सरला, त्याच्या पुढच्या साली गुंडीनं अन्न सोडलं. नुसती ओकायची. चांगुणानं तिला पाटीत घालून गुरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तोंड उघडलं, तर जिभेच्या बुडाला दोरा.

"मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडं वळलेले असतात," डॉक्टर म्हणाले. "दोरा तोंडात गेला की थुंकता येत नाही, गिळावाच लागतो. याचं एक टोक इथं अडकलंय, दुसरं जठरातून आतड्यात उतरलंय. आतडं पुढं ढकलतं, दोरा सरकत नाही. मग आतडंच दोऱ्यावर गोळा होतं, नाडी ओढल्यावर परकराला चुण्या पडतात तसं. बाई, उशीर झालाय."

चांगुणाला आपल्या घरातली रिळं आठवली. दोऱ्याचं घर तर तिचंच!

गुंडीनं तिथंच जीव सोडला. "फाडून बघा," चांगुणा म्हणाली. चुणीचुणीला आतडं कापलं गेलं होतं. पण दोरा तिच्या रिळाचा नव्हता. पोती शिवायचा जाड दोरा, आणि टोकाला दुहेरी गाठीत अर्धवट पचलेला मटणाचा चिवट तुकडा.

शेजारी बापूसाहेबांचं धान्याचं दुकान. गुंडी साय खाते म्हणून ते रोज शिव्या घालायचे. चांगुणानं दोरा पुढ्यात धरला, तर हसले.

"मांजरच ती. दुसरी पाळ."

चांगुणा दोरा घेऊन घरी परतली. दात मात्र धरून बसली.

पुढं बापूसाहेब सोसायटीचे चेअरमन झाले. सत्कार ठरला. लेंग्याचं कापड त्यांनी सवयीनं हिच्याकडंच धाडलं. चांगुणानं ओल लागून कुजलेलं रीळ हुडकलं आणि बैठकीची शिवण तेवढी त्या दोऱ्यानं घातली.

मांडवात लोकांकडं पाठ करून बापूसाहेब पाहुण्यांच्या पाया पडायला वाकले आणि लेंगा टर्रकन उसवला. लोक पोट धरून हसले. चांगुणा हसली नाही. डोळे भरून बघत राहिली.

बापूसाहेब तसेच तिच्या दारात आले. "काय गं, कसला दोरा घातलास?"

"तुमी मटणाला बांधला त्यापरीस बरा. तुमचा नुसता लेंगा उसवला."

त्यांच्या भावकीनं तिच्याकडं कापड देणं बंद केलं. "माफी माग, चांगुणे," समोरची कस्तुराबाई म्हणायची, "मोठी मान्सं हायेत ती."

"मागंन की. आधी त्यानं गुंडीची मागावी."

कोरड्या भाकरीवर दिवस काढले तिनं. पण सत्काराची आठवण निघाली की तिला एकच खंत वाटायची: मांडवात माणसं थोडी होती.