अंजूरच्या देव्हाऱ्यातलं रिव्हॉल्व्हर

लोकांच्या कपाटात साड्या असतात. आमच्या कपाटाच्या मधल्या खणात मखमलीवर जुनी रिव्हॉल्व्हरं निजलेली, आणि साड्या बिचाऱ्या पलंगाखालच्या ट्रंकेत. तक्रार नाही माझी. तक्रारी करून करून माझी जीभ झिजली, हिच्यावर काडीचा परिणाम झाला नाही. ही म्हणजे कलावती, माझी बायको, भिवंडीच्या बाजूच्या आरोग्य केंद्रात नर्स. मी वाल्मीक, पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे लूम बंद पडली की ज्याच्या नावाने शंख होतो तो. शिफ्टभर खडखडाट ऐकून घरी यावं, तर टेबलावर चहाच्या कपात पिस्तुलाचा घोडा तेलात भिजत पडलेला. मग माणसाने चहा प्यायचा कशातून?

हे खूळ तिच्या वडिलांचं. सासरे, सावळाराम, फौजेत हत्यारांच्या वर्कशॉपला मिस्त्री होते. तिथेच मशीनखाली त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा गेला. आता साधं जुनं रिव्हॉल्व्हर असलं की आधी अंगठ्याने मागचा घोडा ओढून चढवायचा आणि मग बोटाने चाप दाबायचा. अंगठाच नाही तर चढवणार काय, कपाळ? पण डबल ॲक्शनची गोष्ट वेगळी. नुसता चाप ओढला की घोडा आपला आपण उठतो आणि पडतो. रिटायर होताना त्यांना कुणा साहेबाने असलं एक निकामी रिव्हॉल्व्हर देऊन टाकलं. म्हातारा ओट्यावर बसून पोरीला चाप ओढून दाखवायचा आणि सांगायचा, "बघ, याला माझा अंगठा लागत नाही." दुसऱ्या पोरी भातुकली खेळायच्या तेव्हा आमची ही घोडा कसा उठतो ते बघत बसायची.

पुढे तिने तसलीच जमवायला सुरुवात केली. गैरसमज नको, सगळं कायद्यात. इतकं जुनं की दुरुस्त करूनही गोळी सुटणार नाही, असंच हत्यार ती घ्यायची, आणि घेतलं की घरी यायच्या आधी पोलीस ठाण्यात नेऊन दाखवायची. दर नवा साहेब आधी हिला वेडी समजायचा आणि दोन भेटींनंतर चहा पाजायचा. एक दापोड्याच्या गोदामात भंगाराच्या गोणीत सापडलं, एक कुणा शेठच्या माळ्यावर. एकदा एकाने चांदीच्या मुठीचं आणून दिलं. हिने चाप ओढला, घोडा काही हलला नाही. "हे आमच्यातलं नाही," म्हणून परत केलं. मी त्या चांदीकडे बघतच राहिलो.

फक्त एक तिला मिळत नव्हतं. तिच्या म्हणण्याप्रमाणे विलायतेतून आधी जी नुसत्या चापावर चालणारी आली, त्यांच्या घोड्याला मागे शेपूटच नव्हतं, अंगठ्याने ओढायची सोयच नाही. मग शेपूटवालं आलं, दोन्ही तऱ्हांनी चालणारं. सत्तावन्नच्या बंडाच्या सुमाराचं. या सगळ्या खानदानाचा तो आजोबा. त्या आजोबासाठी बाईचा जीव टांगणीला लागलेला.

चौऱ्याऐंशी साली ती पोरांना लस टोचायला खाडीकाठच्या अंजूर गावी गेली होती. तिथे बायजाबाई म्हणून म्हातारी, शेतीवाडीवाली, सुना-नातवंडांचं भरलं घर. त्यांच्या देव्हाऱ्यात एक वीर होता. वीर म्हणजे घराण्यातला कुणी मोठा पूर्वज, देव म्हणून पुजलेला. वीतभर उंच, वर निमुळता, खाली वाकडा, मागे बारीकसं कुबड. दर दसऱ्याला त्याच्यावर तेलात कालवलेल्या शेंदराचा नवा थर चढायचा. कित्येक पिढ्यांचे थर. आत दगड आहे की लाकूड, कुणाला माहीत नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं.

त्या दिवशी ही घरी आली ती जेवलीच नाही. "अहो," म्हणाली, "तो देव नाही. ते रिव्हॉल्व्हर आहे. नळी वर करून उभं केलंय. आणि त्या कुबडाला ना, शेपूट आहे."

मी म्हटलं, मग मागून घे की. ती माझ्यावर अशी उसळली की विचारू नका. दुसऱ्याच्या देवाला हात लावू? आणि तेही मी? त्या "मी"मध्ये काय होतं ते मला सांगायला लागत नाही. आमच्या आज्यांना असल्या घरांचा ओटा चढायला मिळत नव्हता, आणि या बाईला तिथे आतल्या खोलीत पाटावर बसवत होते. तो मान तिला रिव्हॉल्व्हरपेक्षा मोठा होता. म्हणून ती गप्प राहिली. एक वर्ष नाही, चांगली आठ-नऊ वर्षं.

दर दसऱ्याला आमच्या घरी धम्मचक्र प्रवर्तन दिन. सकाळी पांढरी साडी, विहारात वंदना, पंचशील. दुपारी तीच साडी नेसून बाईसाहेब माझ्या स्कूटरवर अंजूरला, हातात आपट्याची पानं. बायजाबाईच्या पाया पडायची, चहा घ्यायची, नातसुनांच्या तब्येती विचारायची आणि देव्हाऱ्याकडे एकदाच बघायची. परत येताना मी चिडवायचो, "झालं का आजोबांचं दर्शन?" ती पाठीत गुद्दा घालायची.

मग त्र्याण्णव साल आलं. मुंबईत स्फोट झाले आणि भिवंडीतही ज्याच्या त्याच्या तोंडी झडत्यांच्या गोष्टी. लोक कोयता घरात ठेवायला घाबरत होते. त्या उन्हाळ्यात एका सकाळी बायजाबाईची सून शेवंता धापा टाकत आरोग्य केंद्रात आली. देवाने कवच सोडलं होतं. म्हणजे उन्हाच्या तापाने शेंदराचे सगळे थर एकदम सुटून गळून पडले होते, आणि आतून निघालं पिस्तूल. घरातल्यांची पाचावर धारण बसली. शेवंताचा नवरा नामा सगळंच्या सगळं दुपारच्या भरतीला खाडीत सोडणार होता.

कलावती थेट माझ्या कारखान्यात आली. ड्युटीच्या साडीत, चालू लूमच्या मधून. शेठ, कामगार सगळे बघतायत. म्हणाली, स्कूटर काढा. मी पाना टाकला आणि निघालो. तिचा चेहराच असा होता की लूम बंद पडो नाहीतर जळो.

अंजूरला पोचलो तर नामा पायात चपला घालून उभा. पाटावर शेंदराच्या कवचाची दोन शकलं पडलेली, शेंगेच्या टरफलांसारखी, आतून पोकळ. बाजूला लाल फडक्यावर ते. शेंदराच्या तेलात मुरलेलं, काळं, गंजाचा डाग नाही. आणि घोड्याला मागे शेपूट. ही तशीच पुढे सरकली. मी तिचा दंड धरला.

त्या दिवशी पहिल्यांदा तिने तोंड उघडलं. नामाला समजावलं की नळीत कुणीतरी पूर्वीच शिसं ओतून बुजवलंय, यातून गोळी सुटायची नाही. म्हणाली, ठाण्यात माझ्या नावाने मी घेऊन जाते, तुमच्या घराचं नाव येणार नाही, पण पाण्यात नका टाकू. नामा ऐकेना. त्याचंही चूक नव्हतं, घरात लेकरंबाळं. तो म्हणाला, "आमचा देव हाय का पिस्तूल हाय, तेच आता कलत न्हाय. पान्यात गेला का दोनी सुटला." आणि त्याने फडक्याची गाठ मारली.

बायजाबाई इतका वेळ भिंतीला टेकून होती. तिने हाताने नामाला थांबवलं आणि हिला विचारलं, "नर्सबाय, तुला कदी ठाव झाला, ह्या आत काय हाय त्या?"

"पहिल्या दिवशीच."

"आनि बोललीस न्हाय?"

"तुमचा देव होता, आजी."

म्हातारी उठली, पाटावरची दोन्ही शकलं उचलली, एकाला एक जुळवली आणि देव्हाऱ्यात पुन्हा उभी केली. तोच वीर, तेच कुबड, काहीच झालं नसल्यासारखा. नामा म्हणाला, गळलेलं कवच पाण्यात सोडायची रीत हाय. तिने त्याला असं झाडलं की मीच मागे सरकलो. म्हणाली, रीत मला माझ्या सासूने शिकवली, तू शिकवू नको.

"शेंदूर आमचा, त्याल आमचा," ती म्हणाली. "जल्मभर ह्याला हात जोरले. आतला कोनी बगला व्हता? आमचा देव ह्यो हाय. त्यो तुजा. ने."

आणि नामाच्या हातातलं फडकं सोडवून तिने स्वतः, देव्हाऱ्यासमोर, माझ्या बायकोच्या ओंजळीत ठेवलं. मला रडू आलं. लाज कसली त्यात? आलं.

ठाण्यात साहेबाने उलटसुलट करून पाहिलं, नळीत सळई घातली, शिशावर आपटली, आणि न्या बाई म्हणाला. पण खरी परीक्षा पुढेच होती. शेंदूर आतपर्यंत जाऊन घट्ट बसलेला. हा खरंच दोन्ही तऱ्हांनी चालतो, की आतलं सगळं मोडून नुसतं शेपूट राहिलंय? आजोबा आहे की आजोबाचं सोंग? पावसाळाभर ते माझ्या जेवणाच्या डब्यात रॉकेलमध्ये बुडालेलं. मी कारखान्यात भाकरी फडक्यात बांधून नेत होतो. ही काडीने, पिसाने कण कण काढायची, पण चाप ओढत नव्हती. मी जॉबर माणूस, माझे हात शिवशिवायचे. एकदा हात लावला तर ओरडली, पहिला चाप आजी ओढणार.

दसऱ्याला वंदना करून आम्ही अंजूरला गेलो. देव्हाऱ्यात वीर नव्या शेंदरात झळकत होता. कलावतीने फडकं सोडलं, मूठ स्वतः दोन्ही हातांनी धरली आणि बायजाबाईचं बोट चापावर ठेवलं. म्हातारीने ओढलं. काही झालं नाही. माझ्या बायकोचा चेहरा उतरला, आणि मला त्या रिव्हॉल्व्हरचाच राग आला, इतकी वर्षं या बाईला नाचवलंस आणि आता आडमुठेपणा करतोस?

"जोर लावा, आजी," ही हळूच म्हणाली.

बायजाबाईने ओठ आवळले आणि ओढलं. घोडा हलला. कुणी हात न लावता, शेपूट मागे टाकत, हळूहळू पूर्ण उठला. आणि पडला. खट्!

शेवंता दचकून मागे झाली. कलावती रडतही होती आणि हसतही होती, आणि मी नामालाच मिठी मारली होती. म्हातारीने पुन्हा ओढलं, पुन्हा खट्. पुन्हा ओढलं. सोडायला तयार नाही बाई. शेवटी बोट दुखलं तेव्हा तिने देव्हाऱ्याकडे पाहिलं आणि मग हिच्याकडे.

"आमचा गप बसतो, नर्सबाय," ती म्हणाली. "तुजा बोलतो."