दारापर्यंतची दौड

कायंदी गावात कोणी घराकडे घोडा दौडवत येत नाही. माणूस कितीही घाईत असो, शेवटचा चढ आला की तो लगाम खेचतो, घोड्याला चालीवर आणतो, दारापासून लांबच उतरतो आणि खाकरून आपण आल्याचं कळवतो. दारापर्यंत दौडत येते ती फक्त मरणाची बातमी. पोरांना हे शिकवावं लागत नाही. बाहेर भरधाव टापा वाजल्या की आई हातातलं काम टाकून कशी उभी राहते, तेवढं पाहून ती शिकतात.

एसेनकुल मात्र दौडतच यायचा.

तो त्या खोऱ्याचा पोलीस होता. बदली होऊन आला त्या पहिल्या वर्षी त्याच्या टापा ऐकून बायका ऊर बडवत बाहेर यायच्या आणि टोपी मागे सरकवून हसणारा तो दिसला की शिव्या देत आत जायच्या. पुढे सवय झाली. कुत्रीसुद्धा मान वर करेनाशी झाली. शेजारची बातमा काकू आतूनच ओरडायची, "घाबरू नका गं, मरण नाही. बुरुलचाचा नवरा जेवायला आलाय!"

बुरुलचा त्याची बायको. तिला पाहायला आला तेव्हाही तो असाच आला होता. तिच्या बापाच्या अंगणात धुरळा उडवत शिरला, वाळत घातलेली लोकर तुडवली आणि म्हाताऱ्यानं चाबूक उगारला तर खाली उतरून पाठ पुढे केली. बुरुलचा दाराआड उभी राहून हसली होती. ते हसू तिला पुढे फार आठवायचं. तिलाही त्या टापा आवडल्या होत्या. कोणी तिला फसवून आणलं नव्हतं.

सोव्हिएत युनियन मोडली त्यानंतरची ही वर्षं. सामुदायिक शेती बुडाली, कळप वाटले गेले, आणि ज्यांच्या वाटणीला काही आलं नाही त्यांनी दुसऱ्यांचे घोडे पळवायला सुरुवात केली. एसेनकुलला असं काम हवंच होतं. ठाण्याची जीप त्यानं खिंडीच्या उतारावर दिवे बंद करून पळवली आणि दरीत घातली. स्वतः उडी मारून वाचला आणि हाताला फळी बांधलेल्या अवस्थेत साहेबासमोर हसत उभा राहिला. साहेब म्हणाले, "तुला आता गाडी नाही, घोडा घे. घोड्याला तरी जिवाची काळजी असते." एका लग्नात दारू पिऊन बंदूक रोखलेल्या माणसाच्या पुढ्यात तो जाऊन बसला आणि बंदुकीच्या नळीवर चहाची वाटी ठेवून म्हणाला, "हलू नकोस, सांडेल." लोक अजून ते सांगतात.

पण खोऱ्यात त्याचं नाव झालं होतं ते पट्ट्यामुळे. चोर समोर दिसला की एसेनकुल त्याला लगेच धरायचा नाही. खाली उतरायचा आणि खोगीराचा पट्टा आवळायला घ्यायचा. सावकाश, शीळ घालत. तेवढ्यात चोरानं जमेल तितकं पुढे निघावं. मग तो रिकिबीत पाय टाकायचा, आणि त्या क्षणी त्याचा चेहरा असा उजळायचा की पकडलेल्या चोरांनीसुद्धा त्याचं वर्णन मागाहून हसत हसत केलं. त्याच्या हातून कोणी सुटला नाही, म्हणून कोणी बोललं नाही. बुरुलचाच एकदा म्हणाली होती.

"पट्टा घरून आवळून जात जा."

"मग मजा काय उरली?"

"मजा करायला पगार देतं का सरकार?"

"पगार कुठं देतं? पीठ देतं. पिठात मजा धरलेली असते."

तिलाही हसू आलं, आणि बोलणं तिथंच राहिलं.

बुरुलचाचा धाकटा भाऊ शाइलू. आई लवकर गेली, तेव्हा बुरुलचानंच त्याला पाठीवर बांधून वाढवलं होतं. तो मोठा होऊन सामुदायिक शेतीच्या पागेत कामाला लागला. घोड्यांशी माणसांपेक्षा जास्त बोलायचा. पागा मोडली आणि त्याच्या हातात नुसता चाबूक राहिला. त्यानंतर तो काय करतो हे कायंदीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी विचारत नव्हतं. महिन्यातून एकदा बहिणीकडे यायचा. मीठ घातलेला दुधाचा चहा आणि कणकेचे तळलेले बोरसोक पुढे घेऊन मेहुण्याशेजारी मांडी ठोकून बसायचा.

"दाजी, कुठला कुठला चोर धरला या महिन्यात?"

"लहानसहान. मोठा अजून माझ्या घरी येऊन बोरसोक खातोय."

"मोठ्याला धरायचं तर पट्टा आधीच बांधून या म्हणावं."

"तुला धरायला मी खोगीरसुद्धा घालणार नाही रे."

दोघं खोखो हसायचे. बुरुलचा मध्ये बसून एकाची वाटी भरायची, मग दुसऱ्याची. तिला वाटायचं, ही दोन माणसं एकाच मातीची आहेत. एकाच्या डोक्यावर पोलिसाची टोपी आहे आणि दुसऱ्याच्या नाही, एवढंच. या विचाराचं तिला आधी बरं वाटायचं. नंतर नंतर भीती वाटू लागली.

मार्चमध्ये, नदीवरचा बर्फ काळवंडू लागला होता तेव्हा, खिंडीपलीकडच्या एका धनगराच्या तीन घोड्या चोरीला गेल्या. एक त्यातली गाभण होती. धनगर स्वतः ठाण्यावर आला आणि त्यानं शाइलूचं नाव घेतलं.

एसेनकुल सकाळी निघाला तेव्हा बुरुलचा त्याच्या घोड्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. लगाम तिच्या हातात होता.

"त्याला हाक मारा," ती म्हणाली. "नावानं हाक मारली की तो थांबतो. लहानपणापासून थांबतो."

"बरं."

"बरं नको. खोगीराला हात लावून सांगा. बांधून आणा, मारत आणा, तुरुंगात घाला, मी डबा घेऊन येईन. पण पाठलाग नको. नदीवरचा बर्फ काळा पडलाय, भार सोसायचा नाही."

"अगं, तुझा भाऊ आहे म्हणजे माझा कोणी नाही का?"

"तुमचा आहे म्हणूनच भीती वाटते."

त्यानं खोगीराला हात लावला. तिनं वाकून पट्टा तपासला, तो पक्का आवळलेला होता. मग तिनं लगाम सोडला. वळणावर पोचेपर्यंत घोडा दौडू लागलेला तिनं ऐकला.

दिवसभर ती खिडकीपाशी बसून लोकरीच्या नमद्यावर टाके घालत होती. दुपार कलली. दिवाबत्तीला अजून वेळ होता, तेवढ्यात खालच्या चढावरून टापा ऐकू आल्या. सावकाश, पायी चालल्यासारख्या. एक पाऊल, मग दुसरं, मध्ये ओल्या चिखलाचा आवाज.

तिची सुई थांबली.

अशा टापा त्या चढावर रोजच वाजायच्या. गावातला प्रत्येक पुरुष असाच येतो. पण आज गावातले सारे पुरुष घरीच होते, मेंढ्यांच्या विणीचे दिवस होते. बाहेर होता तो एकटा एसेनकुल. आणि एसेनकुल असा येत नाही. म्हणजे त्याला कोणी तरी आणत होतं. बातमाच्या दाराची कडी वाजली, मग पलीकडच्या घराची, मग त्यापलीकडची. एकेक बाई उंबऱ्यावर येऊन उभी राहिली. बातमा काकू नेहमीसारखं काही ओरडली नाही. तोंडावर रुमालाचं टोक दाबून ती फक्त बुरुलचाच्या दाराकडे पाहत राहिली.

बुरुलचा बाहेर आली. नवरा गेलेली बाई करते तसे केस मोकळे करायला तिचा हात डोक्यावरच्या रुमालाकडे गेला होता.

आणि चढावरून एसेनकुल आला. पायी. जिवंत. छातीपर्यंतचे कपडे गोठून लाकडासारखे झालेले, टोपी नाही.

त्या एका क्षणी बुरुलचाला इतका आनंद झाला की तिच्या तोंडून आवाज निघाला. बायकांनीही तो ऐकला. तो आवाज तिनं पुढे कधी स्वतःला माफ केला नाही. कारण एसेनकुलच्या मागे दोन घोडे होते, आणि दुसऱ्यावर आडवं टाकलेलं, त्याच्या ओव्हरकोटात गुंडाळलेलं कोणी होतं. कोटाखालून एक बूट बाहेर आला होता. त्या बुटाच्या टाचेला तिनंच हिवाळ्यात चामडं लावलं होतं.

आमच्यात दौडत आलेला माणूसही मरणाची बातमी घरच्यांना एकट्यानं सांगत नाही. चार जाणती माणसं जमतात, चहा घेतात, आडून आडून बोलतात, ऐकणाऱ्याचं मन तयार करतात आणि मगच शब्द उच्चारतात. गावातले सर्वांत जाणते तोकोयआबा काठी टेकत लगबगीनं येत होते, पण बुरुलचा थांबली नाही.

"हाक मारली होती?" तिनं विचारलं.

एसेनकुल खाली पाहत होता. नदीवर दुसरं कोणी नव्हतं. तो काहीही सांगू शकला असता.

"मारली," तो म्हणाला. "थांबला. हात वर केले. म्हणाला, दाजी, दमलो, चला, ताईकडे चहा पिऊ."

"मग?"

"मी उतरलो. म्हटलं, एवढ्यात? मी पट्टा आवळतो, तोवर सूट."

"आणि तो?"

"हसला. आणि सुटला. नदीकडे."

"बर्फ काळा पडलेला तुला दिसला नाही?" तिनं नवऱ्याला अरेतुरे करण्याची ती पहिली वेळ होती.

"दिसला."

"मग?"

त्याचे दात वाजत होते.

"म्हणूनच," तो म्हणाला. "मला वाटलं, तो पार होईल. आणि मग मागून मी."

तोकोयआबा मध्येच थांबले. त्यांना सांगायला काही उरलं नव्हतं.

शाइलूला तीन दिवस ठेवला. बापाच्या घराच्या अंगणात तंबू उभारला, त्यात त्याला निजवला. दूरदूरच्या खोऱ्यांतून माणसं आली. अशा वेळी दौडत येणं हाच मान असतो. प्रत्येक जण लांबूनच घोडा भरधाव सोडायचा, मोठ्यानं रडत दारापर्यंत यायचा, आणि कोणी तरी पुढे होऊन त्याचा लगाम धरायचा. ते काम घरच्या जावयाचं. एसेनकुल तीन दिवस उघड्या डोक्यानं तिथं उभा राहिला. फेसाळलेले घोडे एकामागून एक त्याच्या अंगावर येत होते. तो लगाम धरायचा, माणसाला उतरवायचा, घोडा फिरवून आणून बांधायचा आणि पुन्हा जागेवर येऊन उभा राहायचा.

आत बुरुलचा दाराकडे पाठ करून बसली होती. मेलेल्याचा विलाप त्याच्या बहिणीनं गायचा असतो, आणि त्यात त्याचं सारं आयुष्य सांगायचं असतं. बुरुलचाचा गळा खोऱ्यात नावाजलेला होता. तिनं शाइलूचं बालपण गायलं, पागा गायली, त्याच्या हातून वाढलेले घोडे नावानिशी गायले. त्याची चोरीही तिनं लपवली नाही. मग तिसऱ्या दिवशी, मयत उचलायच्या आधी, ती म्हणाली:

"माझ्या पाठीवर वाढलास रे, माझ्याच चुलीपाशी जेवलास,
हाकेला थांबलास, थंडीत हात वर केलेस,
तुला घरी आणायचं होतं, तुला धावायला लावलं,
ज्यानं धावायला लावलं तो परका नाही, वैरी नाही,
बाहेर पाहुण्यांचे घोडे धरून उभा आहे."

तंबूबाहेर काठ्यांवर रेलून रडणारे पुरुष गप्प झाले. कोणी एसेनकुलकडे वळून पाहिलं नाही. तो हातातल्या घोड्याचा घाम पुसत राहिला.

ठाण्यानं अपघात लिहिला. एसेनकुलनं राजीनामा दिला, तर साहेबांनी तो परत केला. त्या खोऱ्यात यायला दुसरं कोणी तयार नव्हतं. चाळिसाव्या दिवसाचे विधी झाल्यावर बुरुलचा नवऱ्याच्या घरी परत आली. बाप आधीच वारला होता, शाइलूमागे ते घर आता रिकामं होतं, आणि तिला जायला तिसरं दार नव्हतं. दोघांत जेवढ्यास तेवढं बोलणं व्हायचं. मीठ संपलं, लाकडं ओली आहेत, एवढंच.

एसेनकुल बदलला. कोणी न सांगता बदलला. चढाच्या तळाशीच तो उतरायचा आणि घोडा हातात धरून पायी वर यायचा. आणि तो पायी येऊ लागला की कायंदीतल्या कड्या वाजायच्या. एकेक बाई उंबऱ्यावर यायची. कोणाचा नवरा खिंडीत गेलेला असायचा, कोणाचा मुलगा शहरात. सगळ्या त्याच्या हाताकडे, त्याच्या मागे पाहायच्या. मागे काही नसायचं. मग त्या आत जायच्या. एक दिवस गरोदर असलेली तोकोयआबांची नातसून त्याला असा येताना पाहून दारातच कोसळली.

त्या संध्याकाळी तोकोयआबा आले. चहा घेतला. बराच वेळ पावसापाण्याचं, गवताचं बोलले. मग म्हणाले, "लेकरा, एक मागतो."

"सांगा, आबा."

"तू दौडत येत जा."

एसेनकुलनं मान वर केली.

"माझ्याच्यानं नाही होणार ते, आबा."

"ठाऊक आहे. पण तुझं पायी येणं बायकांना सोसत नाही. पहिल्यासारखा दौडत आलास की त्यांना कळतं, काही नाही, पोलीस जेवायला आला. एवढं कर. आमच्यासाठी."

त्यानं बुरुलचाकडे पाहिलं. ती चुलीकडे तोंड करून बसली होती. तिनं चुलीत एक लाकूड सारलं.

तेव्हापासून तो पुन्हा दौडत येतो. आता घोडा म्हातारा झालाय, चढावर धापा टाकतो. एसेनकुलला त्याला चाबूक मारावा लागतो, पूर्वी कधी मारावा लागला नव्हता. टापा वाजल्या की आवाज गावभर जातो, कुत्री मान वर करत नाहीत, बातमा काकू आतून काही ओरडत नाही, पण तिचं पीठ मळणं चालू राहतं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो.

बुरुलचा वाटी काढून ठेवते, चहा ओतते. टापा दाराशी थांबतात. मग बराच वेळ काहीच ऐकू येत नाही. ती जाणते, तो बाहेर खोगीराचा पट्टा सोडतोय. पट्टा सोडायला हल्ली त्याला फार वेळ लागतो. चहावर साय धरते, तरी तो आत येत नाही, आणि ती त्याला हाक मारत नाही.