सातवी रांग

"ही बोलत न्हाई, भाऊसाहेब. मुकी हाय."

लाकडाची चकती तळहातावर घेऊन हवालदार डोळे मिटायचे, हात दोनदा वरखाली करायचे आणि मग ती बोटभर उंचीवरून टेबलावर टाकून कान वाकडा करायचे. आवाज मनासारखा आला नाही की चकती बाजूला. सोनार सोनं पारखताना एवढा वेळ घेत नसेल. आणि हे सगळं कशासाठी, तर सहा रिकामटेकड्या माणसांच्या पत्त्यांच्या खेळासाठी! त्या सहांतला एक मी. म्हणून हे लिहिताना मला जो राग येतो, त्यातला निम्मा माझा माझ्यावरच आहे, हे आधीच सांगून टाकतो.

लढाई संपल्यानंतरची गोष्ट. मी साताऱ्याला कोर्टात कारकून होतो आणि हवालदार तिथेच पट्टेवाले. मूळचे म्हसवडकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. तिकडच्या दुष्काळाला कंटाळून पलटणीत भरती झाले. पण तिथे त्यांच्या हातात बंदुकीपेक्षा चहाचा ट्रेच जास्त राहिला, कारण त्यांना गोऱ्या अफसरांच्या मेसवर नेमलं होतं. पलटण मिसरला गेली, इटलीला गेली; तिच्यामागे मेस गेली आणि मेसबरोबर अफसरांचं पत्त्यांचं टेबल. त्या टेबलावरच्या चकत्या सांभाळायच्या, साबणाच्या पाण्यानं धुवायच्या, फडक्यानं पुसून पेटीत रचायच्या, हे हवालदारांचं काम.

"चार वरसं खुर्चीमागं हुबा हुतो," ते सांगायचे. "समद्यांची पानं मला दिसायची. पन तोंडावरची माशी हलू दिली न्हाई."

चार वर्षं खेळ पाहिला आणि एकदाही पान हातात धरलं नाही. गोऱ्यांच्या टेबलाशी आपल्या माणसानं बसायचं नाही, असा तिथला कायदाच होता. त्याचं मला नवल वाटत नाही. नवल वाटतं ते आपल्या लोकांचं, आणि तेच तुम्हाला सांगायला बसलोय.

साताऱ्यात तेव्हा एक बडे वकील होते. कृष्णाकाठी ऊस, गावात बंगला, आणि पुण्याच्या क्लबात शिकून आलेला पोकर नावाचा इंग्रजी खेळ. दर रविवारी दुपारी त्यांच्या दिवाणखान्यात आम्ही सहाजण जमायचो: वकीलसाहेब, गावातले डॉक्टर, शाळेचे हेडमास्तर, मी आणि आणखी दोघं. सगळ्यांनी सारख्या चकत्या घेऊन बसायचं, पैशांऐवजी त्या डावावर लावायच्या. ज्याच्या संपतील तो उठेल. शेवटी ज्याच्यापुढे सगळ्या गोळा होतील, त्याला कंदी पेढ्यांचा पुडा.

सुरुवातीला आम्ही चकत्यांऐवजी चिंचोके वापरायचो. पण एकदा डॉक्टरांनी रुमाल काढला तर खिशातून मूठभर चिंचोके सांडले. डॉक्टर म्हणाले, बायकोनं दळायला दिलेत. आता चिंचोके दळायला घेऊन कोणी पत्ते खेळायला येतं का, सांगा! मग वकीलसाहेबांनी मुंबईहून चकत्यांची पेटी मागवली. दिसायला सुंदर, चकचकीत, पाचरंगी. पण वजनाला कोटाच्या गुंड्यांएवढ्या. दहा रचल्या की कोसळायच्या, आणि हेडमास्तर शिंकले की माझ्या चकत्या त्यांच्यात आणि त्यांच्या माझ्यात.

"कोर्टातल्या हवालदारांना यातलं कळतं," हे वकीलसाहेबांना सांगणारा मीच. सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

हवालदार आले. मुंबईची एक चकती हातात घेतली, डोळे मिटले, आणि ती इतक्या हळुवारपणे पेटीत परत ठेवली की आम्हालाच तिची कीव आली.

"सायेब, शिंगं रंगवलेला बैल बाजारात लय देखना दिसतो. नांगराला जुपला की कळतं. रंगाचं मागनं बगू. आदी सांगा, खेळनारी मान्सं किती?"

"सहा," वकीलसाहेब म्हणाले. "करशील का सेट तयार? तुझी मजुरी काय ते सांग."

वकीलसाहेब त्यांना 'अरे' म्हणायचे. मी 'अहो' म्हणायचो, आणि त्या 'अहो'चा मला तेव्हा फार अभिमान होता.

हवालदार जरा घुटमळले. मग म्हणाले, "मजुरी नगं, सायेब. येक डाव मला टेबलाव बसवा. कोपऱ्यातली जागा बी चालंल."

"बघू की," वकीलसाहेब म्हणाले.

आपल्याकडे मोठ्या माणसाचं 'बघू' म्हणजे काय, हे शेंबडं पोरही जाणतं. पण हवालदारांची उमेदीची वर्षं पलटणीत गेलेली. तिथे साहेब 'बघू' म्हणाला तर दुसऱ्या दिवशी खरंच बघायचा. त्यांनी जवळजवळ सॅल्यूटच ठोकला.

पुढचे पाच रविवार हवालदार सांगलीला जाऊन आले. तिथे एका बोळात लाटणी, पोळपाट, पाळण्याचे खांब करणारा त्यांच्या ओळखीचा कातारी होता. एका रविवारी खेळ चुकवून मीही बरोबर गेलो. तो कातारी अगदी टेकीला आला होता.

"काय वो हवालदार, जीव घेताय का काय माजा? एवढ्यात लाटनी केली असती तर अख्ख्या सांगलीला पुरली असती!"

"लाटन्याला चपातीच कळती, गड्या. हे मान्साच्या हातात जायाचं हाय."

आंब्याचं लाकूड फुसकं म्हणून बाद. साग तेलकट, बोटातून निसटतो. बाभूळ तडकली. शेवटी शिसव ठरलं. त्याच्या चकत्या दिवसभर पाण्यात बुडवून उन्हात वाळवल्या. ज्या फुगल्या त्या बाद. उरलेल्यांतून मुक्या बाद. आणि किंमत कळायला नुसता रंग नाही, तर काठावर कातून एक, दोन किंवा तीन रेघा. मी विचारलं, रेघा कशाला?

"मेसमदी इमानांचा भोंगा झाला की दिवं घालवायचं. अंधारात बी बोटाला कळलं पायजे, कंची हाय ती."

साताऱ्यात कुठली विमानं येणार होती! पण मला हसू आलं नाही. आपल्या घरच्या लग्नाची तयारी करावी, तसे ते त्या चकत्यांमागे लागले होते.

कातारी सागवानी पेटीत खाचा पाडत होता. "किती रांगा?" त्यानं विचारलं.

"सात," हवालदार म्हणाले.

मी म्हणालो, "अहो, वकीलसाहेब तर सहा म्हणाले होते."

"मला धरून सात, भाऊसाहेब."

वकीलसाहेबांना मी पुरता ओळखत होतो. तेव्हाच सांगायला हवं होतं, की हवालदार, तुम्हाला कोणी बसवणार नाही. किंवा साताऱ्याला येऊन वकीलसाहेबांना सांगायला हवं होतं, की शब्द दिलाय तर पाळा. यातलं एकही मी केलं नाही. भाकरी खाल्ली आणि परत आलो.

स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षीच्या दिवाळीत, पाडव्याला दुपारी, नव्या चकत्यांचा पहिला सामना ठरला. हवालदार आले ते पट्टा न लावता. पांढरा फेटा, इस्त्रीचा कोट, दाढी तुळतुळीत. पेटी त्यांनी दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली आणि उघडली. काय देखणी दिसत होती! काळ्याभोर शिसवीच्या सात रांगा. डॉक्टरांनी वीस चकत्या एकावर एक रचल्या, टेबल हलवून पाहिलं. रास ढळली नाही. सगळे 'वा वा' म्हणाले.

"आणि एक रांग राखीवसुद्धा ठेवलीस! शाबास!" वकीलसाहेब म्हणाले.

"राखीव न्हाई, सायेब. ती माजी हाय."

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग वकीलसाहेबांना त्यांचा शब्द आठवला असावा, कारण ते एकदम मोठ्यानं हसले. "अरे, तू बसलास तर चहा कोण फिरवणार?"

डॉक्टर हसले. हेडमास्तर हसले. हेच हेडमास्तर ऑगस्टात शाळेच्या पटांगणावर समतेवर तासभर बोलले होते, आणि पोरं उन्हात उभी होती. सगळे हसले. आणि मीही हसलो. मोठ्यानं नाही, पण हसलो.

हवालदारांच्या तोंडावरची माशी हलली नाही. आत गेले, ट्रे घेऊन आले, सहा कप सहा जणांसमोर ठेवले. मग वकीलसाहेबांच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले. इस्त्रीच्या कोटात. संध्याकाळपर्यंत.

पुडा वकीलसाहेबांनीच जिंकला. निघताना त्यांनी त्यातले दोन पेढे हवालदारांच्या हातावर ठेवले. हवालदारांनी ते कपाळाला लावून खिशात घातले. माझ्या मनात आलं, फेकावेत हे पेढे त्या माणसाच्या तोंडावर. आमचा राग हा असा, मनातल्या मनात शूर!

रस्त्यानं मी त्यांना म्हणालो, "हवालदार, तुम्ही काही बोलला का नाहीत?"

ते थांबले. माझ्याकडे नीट पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "तुमी का न्हाई बोलला, भाऊसाहेब?"

पुढे महिन्याभरानं डॉक्टर परगावी गेले. पाचात मजा येईना. वकीलसाहेब मला म्हणाले, "जा, त्या हवालदाराला बोलावून आण. बसवा म्हणत होता ना? बसवू आज." मी निर्लज्जासारखा गेलो. ते खोलीच्या दारात बसून कोटाला गुंडी लावत होते. निरोप सांगितला. त्यांनी दोरा दातानं तोडला.

"डाक्टर न्हाईत म्हनून का?"

"हो."

"मग त्यांना सांगा, सहावा गावाला गेला म्हनून मी येनार न्हाई. सहा असतील आनि सातवा म्हनून बोलवतील, तवा येतो."

मी परत जाऊन सांगितलं, त्यांना बरं वाटत नाही. खरं सांगायचीही माझी छाती झाली नाही. वकीलसाहेब म्हणाले, "चढलीय त्याला, दुसरं काय!" आणि त्यांनी पानं वाटली. त्या दिवशी आम्ही पाचजण खेळलो. होय, मीही खेळलो.

सात कधी झाले नाहीत. पुढे जिल्ह्याचे दोन भाग झाले, दक्षिणेकडचं ऑफिस सांगलीला गेलं, आणि हवालदारांनी आपणहून बदली मागून घेतली. जाताना सगळ्या कोर्टाला भेटले, मलाही भेटले. "येतो, भाऊसाहेब," एवढंच म्हणाले.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते वर्षभरानं. कोर्टाच्या कामाला सांगलीला गेलो होतो. काम दुपारीच आटपलं, म्हणून त्या काताऱ्याच्या बोळात शिरलो. दुकानात भुशावर चटई टाकून तिघं बसली होती: कातारी, त्याची बायको आणि हवालदार. पत्ते चालले होते. पोकरच! हवालदारांनी दोघांना शिकवलं होतं.

मला पाहून ते उठले नाहीत. डावीकडे सरकले आणि चटईवर हात आपटला. "या, बसा. चौथं कोन पायजेच हुतं."

त्यांना विचारही करावा लागला नाही. मी चपला काढल्या आणि बसलो. माझ्यापुढे त्यांनी चकत्यांची रास सारली. चकत्या कसल्या, लाटण्यांची कापून टाकलेली टोकं होती. एक जाड, एक पातळ, एक तिरकी.

मी म्हणालो, "हवालदार, या मुक्या चालतात होय तुम्हाला?"

"खेळाय बसल्याव कोन वजन बगतंय, भाऊसाहेब? ते हुबा ऱ्हानाराचं काम."

आणि खरं सांगतो, इतका वाईट खेळाडू मी जन्मात पाहिला नाही. चार वर्षं गोऱ्यांच्या खुर्चीमागे आणि एक पाडवा आमच्या खुर्चीमागे दगडासारखा राहिलेला तो चेहरा चटईवर बसल्याबरोबर काचेचा झाला होता. चांगलं पान आलं की आधी मिशी फुलायची, मग कान लाल व्हायचे. एकदा तर ते हातातली पानं छातीशी धरून बसल्या जागी डुलायलाच लागले.

कातारीण पदर तोंडाला लावून हसत म्हणाली, "आवं दादा, जरा तोंड तर लपवा! आमी समदी पानं टाकतोय ह्या डावाला."

तिघांनीही काही न लावता पानं टाकून डाव सोडला. हवालदारांची एवढी मोठी पानं, पण हाती आलं ते लाटण्याचं एक टोक. त्याचाही त्यांना आनंद. पुढचे डाव ते भराभर हरत गेले. शेवटची चारपाच टोकं उरली ती दोन्ही हातांनी पुढे लोटली, पानं उघडी केली, आणि कातारणीची पानं वरचढ निघाली.

"हरलो!" हवालदार ओरडले. मांडीवर थाप मारून माझ्याकडे वळले. डोळ्यांत हसून हसून पाणी आलं होतं. "बगितलं का, भाऊसाहेब? समदं गेलं. हरलो की मी!"

त्यानंतर सहा महिन्यांत ते गेले. मला उशिरा कळलं. वकीलसाहेबांना सांगितलं तर म्हणाले, "अरेरे. चकत्या मात्र फर्मास करून दिल्या हो त्यानं."

मला तेव्हा जे बोलायचं होतं ते मी त्याही दिवशी बोललो नाही. पण तुम्हाला सांगतो. त्या माणसाला जिंकू द्या असं कोणी म्हणत नव्हतं. तो स्वतःही म्हणत नव्हता. एका दुपारी, आमच्या बरोबरीनं बसून, त्याला आम्ही साधं हरूही दिलं नाही.