मेंबरचं बेट

नागूअप्पा होडीत बसले की बेटाकडे पाठ करून बसायचे. नावाडी म्हणायचा, "अप्पा, तोंड इकडं करा की, होडी कलतीया." त्यावर अप्पा डोळे मिटून घेत. "तूच सांबाळ तुजी होडी. मला न्हाय बगायचं त्या मेंबरकडं."

आमचं जुनं गाव उजनीच्या पाण्यात गेलं आणि वर राहिलं ते एक टेकाड. तेच हे मेंबरचं बेट. रोहित पक्षी बघायला सोलापूर-पुण्याची माणसं येतात आणि हमखास नावाची चौकशी करतात. मग लोक अप्पांच्या ओट्याकडे बोट दाखवायचे. अप्पा माझे शेजारी, पंचाऐंशीच्या घरातले, गुडघे गेलेले. तेच ते सांगून म्हातारा अगदी मेटाकुटीला आला होता.

इंग्रजांच्या अमदानीत कौन्सिलाच्या निवडणुकीला उभ्या राहिलेल्या एका पुढाऱ्यानं चावडीपुढच्या सभेत शब्द दिला होता, टेकाडावरच्या वस्तीला पाणी आणतो. अप्पा सांगायचे, "आमाला मत बी नव्हतं. मत जमीनवाल्यांना. तरी माजी आय ऐकाया गेली. पानी म्हनल्यावर कोन न्हाय जानार?" तो निवडून आला, मेंबर झाला आणि पुन्हा फिरकला नाही. बायका नदीवरून हंडे घेऊन चढतच राहिल्या. अप्पांची आई सोनाबाई चढ लागला की म्हणायची, "चला गं, मेंबरच्या टेकाडावर. नळ सुटला असंल." बाकीच्या हसायच्या. नाव पडलं ते असं, रागानं. एका उन्हाळ्यात ती भरल्या हंड्यासकट घसरली, कमरेतून गेली आणि खाटेवरच संपली. धरण झालं ते त्यानंतर कैक वर्षांनी.

अप्पा मला विचारायचे, "आता टेकाडाला चारी अंगानं पानी हाय, तर लोक म्हन्त्यात मेंबरनं आनलं. ह्येला काय करावं, गुरुजी?"

गेल्या वर्षी काही उत्साही मंडळींनी बेटावर फलक लावायचं ठरवलं: 'जलदाते मेंबरसाहेब यांच्या स्मरणार्थ.' हे कानावर आलं आणि अप्पांचं अन्नपाणी सुटलं. मी म्हटलं, "सोडा आता, अप्पा. किती जणांशी भांडणार?"

"भांडाया जीव कुटं हाय अंगात? पर माज्या आयचं मागं काय बी न्हाय. फोटू न्हाय, घर पान्यात. तिनं ठिवलेलं त्येवढं एक नाव हाय. ते बी त्येलाच द्यायचं व्हय?"

फलकाच्या दिवशी गावातले सगळ्यांत वडीलधारे म्हणून अप्पांच्या हाती माइक दिला. ते सावकाश बोलले, "मेंबर हितं कदी आला न्हाय. पानी बी त्येनं आनलं न्हाय. हे नाव माज्या आयनं ठिवलं, सोनाबाईनं. त्येच्या नावानं बोटं मोडायची ती." मंडळी पोट धरून हसली, टाळ्या पडल्या. सूत्रसंचालक म्हणाला, "अप्पांचा विनोदी स्वभाव सर्वांना ठाऊकच आहे," आणि फलकावरचं कापड ओढलं गेलं. अप्पा माइक धरून तसेच उभे होते. कुणीतरी तो हळूच काढून घेतला.

"लई दमलो, गुरुजी," परतताना ते एवढंच म्हणाले. त्या हिवाळ्यातच ते गेले.

आता पाहुणे माझ्या दारात येतात. खरं तर मलाही कंटाळा येतो. तरी मी सोनाबाईपासून सुरुवात करतो. निम्मे जण घड्याळ बघतात, कुणी फलकाचा फोटो दाखवून मलाच चुकीचा ठरवतो. मग उठून जाताना एखादी बाई थांबते आणि विचारते, "काय नाव म्हणालात त्या बाईंचं?"

मी पुन्हा सांगतो.