माझ्या पायाखाली तिची पाठ

मी पायाळू. म्हणजे जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले, डोकं मागून. यात माझं कर्तृत्व काहीच नाही, जीव टांगणीला लागला तो आईचा. पण मान मिळाला मला. वडगाव निंबाळकरात कुणाच्या पाठीत उसण भरली, की ते माणूस कमरेवर हात ठेवून, तोंड वाकडं करत आमच्या दारात हजर व्हायचं. आई हाक मारायची आणि मी दप्तर टाकून धावायचे. माणूस ओसरीवर पालथं पडायचं. मी डावा पाय त्याच्या पाठीवरून सात वेळा खाली उतरवायचे आणि शेवटी एक हलकी लाथ द्यायचे. मध्ये बोलायचं नाही, एवढाच नियम.

ही नव्वदच्या पुढची गोष्ट, मी सहावीत होते. एकदा इंदापूरकडच्या कळसहून एक धिप्पाड गृहस्थ आले. खताचं पोतं उचलताना पाठ धरलेली. दोघांनी धरून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून उतरवलं त्यांना. माझी लाथ खाऊन ते आपल्या पायांनी चहाला आत आले आणि आठ दिवसांनी पेढे घेऊन आले. आता कळतं, उसण बहुतेक वेळा आपली आपणच जाते. ज्याचा पाय शेवटी लागतो त्याचं नाव होतं, इतकंच.

तो मान मला फार आवडायचा, हे आधीच कबूल करते. शाळेत मी ढ, दिसायला बेताची. गुणी होती ती माझी धाकटी बहीण, माझ्याहून तीन वर्षांनी लहान. पाढे तिचे, गाणं तिचं, रांगोळी तिची. आल्यागेल्यानं तिचं कौतुक करावं आणि मी पाण्याचे तांबे न्यावेत. फक्त पाठ दुखणारी माणसं माझ्यासाठी यायची.

दिवाळीची सुट्टी संपली आणि तिची पाठ दुखायला लागली. आई हसून म्हणाली, "मग रडतीस कशाला? घरातच वैद्य हाय." दुसऱ्या दिवसापासून शाळेला जायच्या आधी ती ओसरीवर पालथी पडायची. माझे सात पाय, एक लाथ. ती उठायची, कपडे झटकायची आणि म्हणायची, "कमी झालं, अक्का." संध्याकाळी पुन्हा तेच दुखणं.

असे आठवडे गेले. ती पाठ ताठ ठेवून चालायला लागली. पेन्सिल पडली तर वाकायची नाही. सरळ पाठीनं उकिडवी बसून उचलायची आणि गुडघ्यावर हात रेटून उठायची. आम्ही चिडवायचो, "पाटलीणबाई निघाल्या!" सगळ्यांत जास्त मीच चिडवायचे. संध्याकाळी अंग कोमट लागायचं, जेवण तुटलं होतं. आबा, आमचे वडील, एकदा म्हणाले, "बारामतीला डॉक्टरला दाखवून आनू."

"काखेत कळसा आन गावाला वळसा!" आई म्हणाली. "पार इंदापुराकडनं मानसं येत्यात हिच्याकडं. आन पोरगी सोता म्हनती, कमी व्हतंय."

आबांनी बहिणीला विचारलं, "व्हय गं? बरं वाटतंय?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. "व्हय, आबा."

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. आमच्या घरात विकलं गेलं, तेच नडलं.

मग एका सकाळी माझ्या टाचेला काहीतरी लागलं. तिच्या पाठीच्या मधोमध, सुपारीएवढं टेंगूळ. तिथं पाय पडताच तिचं सगळं अंग आखडलं. मी पाय जरा बाजूला घेतला, सात मोजून पुरे केले आणि कुणाला काही सांगितलं नाही. भीती दोन होत्या. एक, माझ्याच लाथेनं हाड सरकलं असेल. दुसरी, सांगितलं तर उद्यापासून मला कोण बोलावणार? कुठली मोठी होती, हे मी स्वतःला कधी विचारलं नाही, असं लिहिणार होते. खोटं आहे. विचारलंय. दुसरी मोठी होती.

होळीच्या सुमाराला शाळेतून येताना तिचे पाय लुळे पडले आणि ती रस्त्यातच बसली. आबांनी तिला पाठुंगळी घ्यायला पाहिलं तर ती किंचाळली, म्हणून दोन हातांवर आडवी धरून आणलं. बारामतीच्या हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, उजेडापुढं धरला. "मणक्याचा क्षय आहे. दोन मणके खाल्लेत. इतके दिवस काय करत होता?" आईनं माझ्याकडं पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. आबांनी सगळं सांगितलं. डॉक्टर चिडले नाहीत. मला म्हणाले, "लाथेनं क्षय होत नाही, बाळ. पण वेळ गेला." नंतर घरच्यांनी मला पहिलं वाक्य कितीदा तरी ऐकवलं. मला ऐकू यायचं ते दुसरंच.

गोळ्या सुरू झाल्या, छातीपासून कमरेपर्यंत प्लास्टर चढलं. क्षय आटोक्यात आला, पण पाय परत आले नाहीत. त्यानंतर ती चार वर्षं जगली. आई तिला दर थोड्या वेळानं कुशीवर वळवायची, तरी पाठीला जखमा झाल्या आणि त्याच जखमांनी शेवटी तिला नेलं. त्या वर्षांत सांगवीहून कुणीतरी उसण घेऊन आलं होतं. आई बाहेरसुद्धा आली नाही. आतूनच म्हणाली, "हितं पायाळू कोन न्हाय," आणि बहिणीची चादर बदलत राहिली.

ती जायच्या आधीच्या उन्हाळ्यात, एका दुपारी, मी तिचे केस विंचरत होते. ती कुशीवर होती, मी तिच्या पाठीमागे बसले होते म्हणूनच बोलू शकले. टेंगूळ लागलं होतं, मी लपवलं, असं एका दमात सांगून टाकलं. वाटलं, रडेल, हात झिडकारेल.

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "तुजा पाय थांबला व्हता तितं."

मला राग आला. खरंच राग आला, तिचाच. "मग तू का न्हाय सांगितलंस? रोज म्हनायचीस कमी झालं, कमी झालं!"

"एकदाबी न्हाय झालं कमी."

"मग?"

तिला माझ्याकडं वळता येत नव्हतं. समोर भिंतीकडंच बघत ती म्हणाली, "लाथ दिल्यावर तू माज्या तोंडाकडं बघत उभी ऱ्हायाचीस, अक्का. कसं न्हाय म्हनू?"